अंगठे बघून लावलेलं कपाट

आता जे लिहितोय ते माझ्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नाही. बायकोने नाही, आमच्या समितीने नाही, आणि निवृत्तीच्या दिवशी माझ्या गळ्यात हार घालणाऱ्या वाचकांनी तर नाहीच. त्या दिवशी एकेकजण उठून बोलत होता आणि जवळजवळ प्रत्येकाने त्या एका कपाटाचा विषय काढला – दिलीपभाऊंनी संगणक आणला, दिलीपभाऊंनी पुस्तकांना बोलतं केलं – आणि मी खांद्यावरची शाल सावरत हसत होतो. हसू खरं होतं, हेही सांगून टाकतो. त्या कपाटाची आठवण निघाली की मला अजूनही आनंदच होतो. स्वतःचा अपराध आठवून माणसाला कधी आनंद होतो का? मला होतो. म्हणून तर सांगायला इतकी वर्षं लागली.

तुम्ही मित्र आहात असं धरून चालतो. जरा निवांत बसा. मी थेट मुद्द्यावर येणार नाही – मला येताच येत नाही.

मी पेणच्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होतो. नव्वदच्या दशकात माझी पस्तिशी चालू होती, डोक्यावर केस होते, आणि पुस्तकांच्या क्रमांकांवर माझं नको इतकं प्रेम होतं. प्रत्येक पुस्तकाला एक विषय, विषयाला एक क्रमांक, क्रमांकाला कपाटात एक जागा. डोळे मिटून सांगायचो – वैद्यक तिसऱ्या कपाटात वरून दुसरा खण, रसायन त्याच्या पलीकडे, कायदा दाराशी. पाहुणा आला की मी हा खेळ करून दाखवायचो. सगळं इतकं नीट चाललं होतं, आणि मग पुस्तकंच बिघडायला लागली.

म्हणजे असं, की नवीन येणारी पुस्तकं एका जागी बसेनात. खाडीवरचं एक पुस्तक आलं. त्यात मासे होते, पाण्यात मिसळणारी रसायनं होती, खारफुटी होती, किनाऱ्याचा कायदा होता आणि शेवटच्या प्रकरणात कोळणींची गाणी. ठेवू कुठे? संगणकावरचं पुस्तक गणितात ठेवायचं, यंत्रांत, की व्यापारात? पर्यावरण नावाचा विषय तर दर महिन्याला नवं घर मागायचा. माझ्याकडे प्रत एकच, आणि तिला जागाही एकच. एकदा मिठागरात काम करणारे एक काका आले. दोन वर्षं त्यांच्या आगरात मीठ पांढरं उतरत नव्हतं, ते का, हे त्यांना वाचून समजून घ्यायचं होतं. मी त्यांना रसायनाकडे पाठवलं, तिथून भूगोलाकडे, तिथून शेतीकडे. तीन कपाटं फिरून ते हात हलवत परत गेले. देवळात पण आपण एवढ्या प्रदक्षिणा घालत नाय, असं जाता जाता म्हणाले. मला हसू आलं, आणि रागही आला. राग त्यांचा नव्हता, त्या चुकार पुस्तकांचा होता.

आता हमीदाबाईंबद्दल सांगायला हवं.

हमीदाबाई आमच्याकडे फाटकी पुस्तकं बांधायला यायच्या. राहायला रोह्याला. त्यांचे वडील तिथे कचेऱ्यांची रजिस्टरं बांधायचे, त्यांच्याजवळ बसून ही कला शिकलेल्या. नवरा मस्कतला वायरमन. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळच्या गाडीने निडी, नागोठणे, कासू करत पेणला उतरायच्या आणि संध्याकाळच्या आत परत जायच्या. आमच्या मागच्या खोलीत त्यांची सतरंजी, कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेल्या खळीचं पातेलं, दाभण, दोरा, पुठ्ठे. आणि मांडीवर उघडं पुस्तक. मला आधी वाटायचं, पानं सगळी आहेत ना ते बघतायत. त्या वाचत होत्या. शिक्षण दहावीपर्यंत, पण वाचन असं की – कसं सांगू? आपण आवडीने वाचतो, विषयाने वाचतो. त्या फाटेल तसं वाचायच्या. आज कोंबडीपालन, उद्या वारसाहक्काचा कायदा, परवा ग्रहणं का होतात. जे पुस्तक लोकांनी जास्त हाताळलं ते आधी फाटणार, आणि जे आधी फाटणार ते हमीदाबाईंच्या मांडीवर येणार. असं करता करता त्यांनी आमच्या गावाचं डोकंच वाचून काढलं होतं. मला मात्र पत्ता नव्हता.

एका शुक्रवारी मी मागे गेलो तर बांधून झालेली पुस्तकं भलत्याच ढिगांत लावलेली. शरीरशास्त्राचं पुस्तक, त्यावर रंग आणि सरस यांच्या रसायनाचं, त्यावर पुराणकथा, त्यावर प्राण्यांची चित्रं कशी काढावीत ते. मी चिडलो. क्रमांकाची चिठ्ठी पाठीवर कशासाठी चिकटवलेली असते, असं बरंच काही बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकेक पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं.

"नंबर नका बघू, दिलीपभाऊ. आंगठा बघा," त्या म्हणाल्या. "ही सगळी एकाच हातातली हायत."

शरीरशास्त्रात तळहाताच्या चित्राचं पान – कडेला फिकट गुलाबी डाग. रसायनात सरस वाळण्याचं प्रकरण – तोच डाग. पुराणकथांत तोच. आणि प्राण्यांच्या पुस्तकात वाघ-सिंहांची पानं कोरी करकरीत, उंदराचं पान मात्र पार मळलेलं! आता तुम्हीच सांगा, तो गुलाबी रंग कुठला? आमच्या पंचक्रोशीतलं पोर सांगेल – गणपतीच्या अंगाचा. जोह्याच्या, हमरापूरच्या मूर्तींच्या कारखान्यांतली माणसं रंगाचे हात अर्धवट धुऊन आमच्याकडे यायची. त्यांना बोटांची ठेवण एका कपाटात मिळायची, रंगाचं गणित दुसऱ्यात, देवाची गोष्ट तिसऱ्यात. मी त्यांना वर्षानुवर्षं वर्गणीदार म्हणून ओळखत होतो. पण ते चार कपाटांत हिंडून एकच पुस्तक वाचतायत हे मला कधी दिसलं नव्हतं.

आणखी ढीग होते. एकात त्वचारोगांचं पुस्तक, आम्लांचं पुस्तक, कामगार कायदा आणि झोप न येण्यावरचे उपाय. ह्या पुस्तकांना यंत्रतेलाचा वास होता आणि पानांचे कोपरे दुमडलेले. रोह्याकडच्या कंपन्यांत शिफ्ट करणारी माणसं, दुसरं कोण? एका ढिगातली पानं खाऱ्या दमटपणाने फुगलेली – ती खाडीकडच्यांची. आणि एक ढीग हमीदाबाईंनी डाग न बघताच लावला होता. वायरिंग, पासपोर्टाचे नियम, अरबी बोलायला शिका, आणि पत्रलेखन. तो कुणाचा ते विचारायची गरज नव्हती.

मी त्या सतरंजीवर खाली बसलो. जेवायची सुट्टी कधी संपली कळलं नाही. आम्ही दोघांनी मिळून चाळीसेक पुस्तकं उलटीपालटी केली, वास घेतले, डाग उजेडात धरून पाहिले. बारा वर्षं नोकरी केली होती मी, पण असा आनंद – लहान पोराला पहिल्यांदा घड्याळ कळायला लागतं ना, काटा सरकला की ओरडून सांगावंसं वाटतं – तसं काहीतरी मला झालं होतं.

मग आम्ही एक उद्योग केला. खिडकीजवळचं एक लहान कपाट रिकामं करून त्यात मूर्तीवाल्यांची पुस्तकं एकत्र लावली, क्रमांकांची पर्वा न करता. आठवड्याभरात जोह्याचा एक कारागीर पुस्तक परत करायला आला. सहा वर्षं आमचा वाचक असलेला. त्या कपाटापुढे तो उभा राहिला, मग उकिडवा बसला, मग मांडी घालून बसला. घोड्यांच्या हाडांवरचं पुस्तक आमच्याकडे आहे हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. दुसऱ्या दिवशी त्याने भावाला पाठवलं, तिसऱ्या दिवशी शेजारचा कारखाना आला. मी देवघेवीच्या टेबलामागून बघत होतो आणि मागच्या खोलीकडे हाताने खुणा करत होतो – आला, अजून एक आला!

हमीदाबाईंनी बांधणीतून उरलेल्या कागदांची एक जाडजूड वही शिवली आणि तीत याद्या करायला लागल्या. मथळे विषयांचे नव्हते, माणसांचे होते. 'मूर्तीवाल्यांसाठी.' 'शिफ्टवाल्यांसाठी.' 'बांध फुटला तर.' 'परदेशी चाललेल्यासाठी आणि मागे राहिलेलीसाठी.' अक्षर असं की छापल्यासारखं. एक पुस्तक चार-चार याद्यांत यायचं. जे मला वर्षानुवर्षं कपाटात जमत नव्हतं, ते त्यांना वहीत सहज जमलं होतं.

दामले सर आमचे कार्याध्यक्ष. निवृत्त मुख्याध्यापक, सज्जन माणूस, शिस्तीचा. त्यांनी खिडकीजवळचं कपाट पाहिलं आणि त्यांना ते मुळीच रुचलं नाही. वाचनालय म्हणजे वाण्याचं दुकान नव्हे, गूळ-खोबरं एका पुडीत बांधायला, असं म्हणाले. ही कल्पना कुणाची, असंही विचारलं. मी म्हणालो, सहज करून पाहिलं. बघा – इथूनच सुरुवात झाली होती. तेव्हा मला ते खोटं वाटलं नाही, जपून बोलणं वाटलं. पुस्तकं बांधणाऱ्या बाईने ग्रंथपालाला कपाट लावायला शिकवलं, हे समितीपुढे सांगायचं कसं? कपाट मोडलं. हमीदाबाईंनी पुढच्या मंगळवारी रिकामी जागा पाहिली आणि वहीत पुढची यादी सुरू केली.

त्यानंतर संगणक आला.

रोह्याकडच्या एका कंपनीने नवीन यंत्रं घेतली आणि जुनं एक आम्हाला देऊन टाकलं. आम्ही त्याला हार घातला, नारळ वाढवला. दामले सर त्या खोलीत चप्पल काढून जायचे. मराठी अक्षरं उमटवायची सोय कंपनीतल्याच एका माणसाने करून दिली आणि आठ दिवस मला शिकवलं. यंत्राला येत काय होतं? पुस्तकाचं नाव घाला, क्रमांक घाला, आणि पुढे चार-पाच शब्द घाला. मग त्यातला एखादा शब्द विचारला की तो शब्द जिथे जिथे घातलाय ती सगळी पुस्तकं ते ओळीने दाखवायचं. बस. शब्द घालायचे मीच. आणि कुठल्या पुस्तकापुढे कुठला शब्द घालायचा, हे मी हमीदाबाईंच्या वहीतून बघून घालत होतो. शरीरशास्त्रापुढे 'मूर्ती'. कामगार कायद्यापुढे 'त्वचा'. दिवाळीपर्यंत ती अख्खी वही मी यंत्रात उतरवली. फार मजेचं काम होतं ते. एक पुस्तक एकाच जागी ठेवता येतं, ह्या जुन्या दुखण्यावर औषध सापडलं होतं – पुस्तक एकाच कपाटात राहील, पण यादीत दहा ठिकाणी हजर.

पहिली यादी छापून निघाली तेव्हा दामले सर शेजारी उभे होते. कर्रर कर्रर करत कागद बाहेर आला, त्यांनी चष्मा लावून वाचला. शरीरशास्त्र, सरस, पुराण, उंदीर. बराच वेळ वाचत राहिले. मग विचारलं, "ही यादी कुणी काढली?"

मी म्हणालो, "संगणकाने."

आता बघा, ते खोटं होतं का? यादी संगणकातूनच निघाली होती. पण सरांनी काय विचारलं होतं ते मला कळलं होतं, आणि मी काय उत्तर दिलं तेही. सरांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. यंत्राला एवढं कळतं, म्हणाले. पुढच्याच बैठकीत ठराव झाला – संगणक सांगेल तशी कपाटं लावावीत. बाईने लावलेलं कपाट मोडलं होतं, यंत्राने लावलेलं मंजूर झालं. पुस्तकं तीच होती.

हमीदाबाईंना मी एवढंच सांगितलं की समितीने मान्य केलं. का मान्य केलं ते सांगितलं नाही. त्या इतक्या खूश झाल्या की शुक्रवारी रोह्याहून डबाभर सांदणं करून घेऊन आल्या. मागच्या खोलीत आम्ही ती नारळाच्या रसात बुडवून खाल्ली. माझ्या घशाखाली उतरली नसतील असं तुम्हाला वाटेल. छान उतरली. मी पाच खाल्ली.

आणि ते दिवस खरंच बहरलेले होते. मिठागराच्या काकांना मी पोस्टकार्ड टाकलं, ते गावातल्या पाचजणांना घेऊन आले आणि खाडीच्या कपाटाशी दिवसभर बसले, डबे तिथेच सोडले. रामवाडीतल्या दोन बहिणी नर्सिंगचं पुस्तक न्यायला आल्या आणि कोंबडीपालनाचं घेऊन गेल्या. शनिवारी उभं राहायला जागा नसायची. दुसऱ्या वाचनालयांतून पत्रं येऊ लागली की तुमचा संगणक पाहायचा आहे.

मग एक दिवस ठरवून वीस-पंचवीस ग्रंथपाल आले. मी भाषण केलं. पुस्तकं यंत्रात घातली की यंत्र आपोआप त्यांची नाती शोधून काढतं, असं म्हणालो. आपोआप! मागच्या खोलीचं दार उघडं होतं. शुक्रवार होता. हमीदाबाई आत एका शब्दकोशाची पाठ शिवत होत्या आणि मधे फक्त एक पडदा.

टाळ्या झाल्या. त्यात एक वयस्क ग्रंथपाल होते, कुठल्याशा खेड्यातले, जाड काचांच्या चष्म्याचे. त्यांनी पिशवीतून आपल्याकडचं एक पुस्तक काढलं, मधमाश्यापालनाचं, आमच्याकडे नसलेलं. म्हणाले, हे घाला आणि नाती काढून दाखवा. सरळ मनाने म्हणाले, परीक्षा घ्यायला नव्हे.

यंत्राला त्या पुस्तकाचं काय माहीत असणार? मी काय केलं सांगतो. छपाईचा कागद आणतो म्हणालो आणि पुस्तक हातात घेऊन पडद्याआड गेलो. हमीदाबाईंनी मान वर केली. मी पुस्तक त्यांच्यापुढे धरलं आणि हळू आवाजात विचारलं की हे कशाकशाबरोबर जाईल. त्या क्षणी त्यांना सगळं समजलं. ते मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. भाषण त्यांनी ऐकलं होतं, आणि आता मी समोर उभा होतो. दोन-चार पानं त्यांनी उलटली आणि सांगायला लागल्या – आंब्याच्या मोहोराचं ते हिरवं पुस्तक, झाडपाल्याच्या औषधांचं, किडींवर मारायच्या औषधांचं, आणि भूमितीच्या गमतींचं, त्यात षटकोनाचं पान आहे. मी निघालो तशी त्यांनी मला थांबवलं.

"मशीनला सांगा, कातकऱ्यांवरचं पण घे म्हणावं," त्या म्हणाल्या. "मध काढायचं खरं त्यांनाच कळतं."

आणि हसल्या. टोमणा नव्हता त्यात – की होता? मी अजून ठरवू शकलेलो नाही. मी बाहेर गेलो, यंत्रात त्या पाच पुस्तकांपुढे 'मधमाशी' हा शब्द घातला, कर्रर कर्रर करत यादी आली. चष्मेवाले ग्रंथपाल ती वाचून उभेच राहिले. षटकोन, म्हणाले, षटकोन कसा सुचला हो याला? त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मलाही आनंदाने भरून आलं, कारण यादी खरोखर सुंदर होती. ती पडद्यामागून आली हे मी विसरलो नव्हतो, तरीही भरून आलं.

कबुली ती हीच, असं तुम्हाला वाटलं असेल. नाही. हे मी कदाचित हसत हसत कुणालाही सांगितलं असतं, लोकही हसले असते. सांगायचं आहे ते पुढचं.

एवढं नाव झाल्यावर समितीने संगणकासाठी एक सहायक नेमायचं ठरवलं. पक्की नोकरी. आणि हमीदाबाईंनी अर्ज केला. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. खळीसाठी मैदासुद्धा घरून आणायच्या. अर्ज त्यांनी सुंदर अक्षरात लिहिला होता. मी पुस्तकं वाचली आहेत, कोणतं कोणाला लागतं ते मला कळतं, यंत्र चालवायला शिकेन – एवढंच होतं त्यात. वहीचा उल्लेख नव्हता. तो माझ्यासाठी सोडला होता, हे मला वाचताक्षणी कळलं.

समितीने त्यांना बोलावलं. मी टेबलाच्या कडेला बसलो होतो, त्या समोर खुर्चीवर. सगळे चांगले वागले. दामले सरांनी अर्ज वाचला, प्रमाणपत्र नाही म्हणाले, पण माणूस विश्वासातला असेल तर विचार करू, असंही म्हणाले. दार उघडंच होतं, तुम्हाला सांगतो. फक्त एका वाक्याची गरज होती. सर माझ्याकडे वळले.

"दिलीप, तू यांना नेहमी बघतोस. ह्यांना काय काय येतं?"

हमीदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्या बघण्यात. उत्सुकता होती, हा आता कुठलं पान उघडतो बघू, अशी. मी मनात हिशेब केला. खरं बोललो तर संगणकाचं काय, माझ्या भाषणाचं काय, त्या पंचवीसजणांचं काय. किती वेळ गेला असेल? खोकण्याएवढा.

मी म्हणालो, "बांधणी चांगली करतात."

सरांनी आणखी काही, म्हणून विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली.

हमीदाबाई उठल्या, समितीला सलाम केला, अर्ज परत मागून घेतला आणि नीट घडी करून पर्समध्ये ठेवला. नोकरी एका प्रमाणपत्रवाल्या पदवीधर बाईंना मिळाली. त्या मन लावून काम करायच्या, त्यांचा काही दोष नाही.

पुढच्या मंगळवारी हमीदाबाई नेहमीच्या गाडीने आल्या. हातातली सात पुस्तकं बांधून पूर्ण केली. मला म्हणाल्या की रोह्यातच आता काम मिळतंय, तेव्हा यापुढे येणं होणार नाही. मग ती जाड वही माझ्या टेबलावर ठेवली.

"राहू द्या इथे," म्हणाल्या. "मशीनला लागंल."

ती वही मी नंतर वर्षानुवर्षं वापरली. नवी पुस्तकं आली की त्यांची अक्षरं धुंडाळायचो, ह्या जागी त्यांनी काय घातलं असतं असा विचार करायचो. हळूहळू मलाही अंगठे दिसायला लागले, थोडेफार. त्यांच्याइतके कधीच नाही.

दशक संपता संपता मी एकदा रोह्याला गेलो. हमीदाबाईंचे यजमान मस्कतहून कायमचे परतले होते आणि घराच्या पुढच्या खोलीत बाईंनी बायकांसाठी वाचनालय सुरू केलंय असं कानावर आलं होतं. खोली भरलेली होती. मोहल्ल्यातल्या बायका, खाडीकडच्या आगरी बायका, एक शाळेतल्या बाई, दोघीतिघी कडेवर मुलं घेऊन. एक दुसरीला वाचून दाखवत होती आणि तिसरी मधेच थांबवून आपलं मत सांगत होती. तीन कपाटं होती, आणि त्यांवर त्या सुरेख अक्षरात चिठ्ठ्या – 'दुखतंय, पण सांगता येत नाही.' 'जमिनीवर नाव माझं का नाय?' 'पैसे येतात, पत्र येत नाय.' प्रत्येक चिठ्ठीखाली वैद्यक, कायदा, कथा, स्वयंपाक, सगळं खांद्याला खांदा लावून उभं. मी वाचत सुटलो. इतकं जिवंत वाचनालय मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. आनंदाने माझ्या हातापायांत मुंग्या आल्या होत्या.

हमीदाबाईंनी सगळ्यांना सांगितलं की हे पेणचे दिलीपभाऊ, मी खाली बसून पुस्तकं शिवायचे तेव्हा ह्यांनी कधी वाचू नका म्हटलं नाय. मग आत जाऊन कोकमाचं सरबत घेऊन आल्या. तेवढ्यात शाळेतल्या बाईंनी मला विचारलं, अगदी कौतुकाने, की कपाटं अशी लावायची ही पद्धत तुमच्या पेणच्या संगणकाचीच ना?

खोलीत वीसेक बायका होत्या. हमीदाबाई माझ्या समोर तांब्या घेऊन उभ्या होत्या. इथे ना समिती होती, ना दामले सर, ना माझ्या नोकरीला धोका.

मी म्हणालो, "हो."

शाळेतल्या बाईंनी मान डोलावली. हमीदाबाईंनी माझा पेला पुन्हा भरला, आणि मी तो प्यालो.